पालक क्रमांक दोन

९ सप्टेंबर

ताई,

वर नमस्कार लिहिलेला नाही. विसरले म्हणून नव्हे.

काल तुमचा भाऊ खारूच्या शाळेपाशी आला होता. मधल्या सुट्टीत मैदानाच्या जाळीपलीकडे उभा राहिला आणि पोरं बाहेर सुटल्यावर त्याने तिला हाक मारली. जाळीतून रंगीत पेन्सिलींचा डबा आत सरकवला आणि म्हणाला, "सोमवारी ताप आला होता ना माझ्या बाळाला? आता बरं आहे का?"

सोमवारी तिला ताप होता हे मी एकट्या तुम्हाला सांगितलं होतं. अंग पुसून काढू की पांघरूण घालू, हे विचारायला मीच फोन केला होता. चौथीची मधली सुट्टी कधी होते, शाळेची बस तिला कुठल्या कोपऱ्यावर सोडते, अपूर्णांक आले की ती कशी अडते, सगळं त्याला तोंडपाठ. जाताना म्हणाला, "आईला सांगू नकोस, मी येत जाईन." पोरीने डबा दप्तराच्या तळाशी लपवला होता. मी दप्तर उपडं केलं म्हणून सापडला.

आम्ही या गावात आहोत हे जगात तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे? तुम्हीच आम्हाला बसमध्ये बसवलंत. दुकान बंद करून आलात, थंडी वाजेल म्हणून कुणा गिऱ्हाइकाचा दुरुस्तीला आलेला कोट माझ्या अंगात घातलात आणि म्हणालात, "मागे वळून बघू नकोस." मी नाही बघितलं. बघायला हवं होतं, असं आता वाटतं.

मला कळत नाही असं समजू नका. तुमची आई गेली तेव्हा तो रांगत होता. तुम्ही त्याला वाढवलंत, त्याच्यापायी लग्न केलं नाहीत. खाली तुमचं शिवणाचं दुकान, वर तुम्ही दोघं. तो मान खाली घालून जेवायला बसला, दोन घास टाकून उठला, की तुमचं काळीज हलत असणार. माझंही हलायचं. म्हणून तर इतकी वर्षं निघाली. पण माझा हात मोडला तेव्हा दवाखान्यात मला कुणी नेलं होतं? "जिन्यावरून पडली" असं डॉक्टरला सांगून मग बाहेरच्या बाकावर तुम्ही माझ्याआधी रडलात. त्याने आमच्या आसपास फिरकायचं नाही हा कोर्टाचा कागद तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी वाचलाय. मग?

फोन मी बंद करून टाकलाय. पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाकते, कारण सकाळचं टपाल तुमच्या हातात पडतं. उत्तर पाठवू नका. खारूने विचारलं, आत्याचा फोन का नाही? मी सांगितलं, आत्या कामात आहे.

'तुमची' असं खाली लिहायची सवय होती. आज ते जमत नाही.


१६ सप्टेंबर

ताई,

उत्तर पाठवू नका असं लिहिलं होतं, तरी टपालवाला दिसला की मी हातातलं काम टाकून दारात जाते. तुम्ही शब्दाच्या पक्क्या. काही आलं नाही.

कवळ्यांच्या कार्यशाळेतले आमचे मालक परवा म्हणाले, "तुझं लक्ष कुठे आहे? ही कवळी त्या बिचाऱ्या म्हातारीच्या तोंडात बसवायची आहे, घोड्याच्या नाही." खरंच दात मोठे लागले होते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं आजवर भरत आलंय, पण या आठवड्यात दोन कवळ्या मोडून परत कराव्या लागल्या.

आज सकाळी काय झालं ते सांगायला लिहिते आहे. मी खारूची वेणी घालत होते. तिची पाठ माझ्याकडे होती. पाठ असली की ती बोलते, हे तुम्हीच मला शिकवलंत.

"आई, बाबांना कसं काय कळतं?"

"काय कळतं?"

"मी पोपटाला रोज रडका चेहरा देते ते. त्या दिवशी विचारत होते, रोज रडका का देतेस म्हणून."

हा पोपट काय ते सांगते. शाळेने यंदा सगळ्या पोरांना टॅब दिलेत. त्यात अभ्यासाचं ॲप आहे, त्यावर हिरव्या पोपटाचं चित्र, म्हणून पोरं त्याला पोपटच म्हणतात. धडा पोपट वाचून दाखवतो, गणितं पोपट तपासतो, हजेरी पोपट घेतो. सकाळी वर्गात बसल्या बसल्या तो विचारतो, "आज कसं वाटतंय?" मग पाच चेहऱ्यांतला एक दाबायचा. हसरा, चिडका, झोपाळू असे. खारू रोज रडका दाबते. या शाळेत आल्यापासून रोज.

मला हे माहीत नव्हतं, ताई. एका पांघरुणात झोपतो आम्ही दोघी. घरी तर ती गाणी म्हणते, गालात बिस्किटं कोंबून माझी नक्कल करते. तुम्ही खारू नाव ठेवलंत ते काही उगाच नाही. संध्याकाळी मी विचारते, "कसा गेला दिवस?" ती म्हणते, "मस्त." आणि मी ते मस्त घेऊन निवांत झोपते.

वेणी तशीच हातात राहिली. मग एकेक गोष्ट डोक्यात यायला लागली. अपूर्णांकांचं मी तुम्हाला कधी सांगितलं होतं? नव्हतंच सांगितलं. बस कुठल्या कोपऱ्यावर थांबते, तेही नाही. रडक्या चेहऱ्याचं तर मलाच माहीत नव्हतं, तर तुम्हाला कुठून माहीत असणार? आणि तुम्हाला माहीत नव्हतं, तर त्याला सांगितलं कुणी?

पहिल्या पत्राबद्दल आत्ता काही लिहीत नाही. आधी शाळेत जाऊन येते. तुम्हाला एकच विचारते, या वेळी उत्तर पाठवा: सकाळच्या वेळी त्याचा मोबाइल वाजतो का?


२४ सप्टेंबर

ताई,

तुमचं उत्तर मिळालं. मापाच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलंत, पुढच्या बाजूला कुणाची तरी कंबर आणि बाही. "वाजतो. शाळा भरायच्या वेळेला. वाजला की हसतो आणि मग चहा पितो. मी त्याला काही सांगितलं नाही." इतकंच. रागाचा एक शब्द नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

शाळेत जाऊन आले. वर्गाच्या बाई तरुण आहेत, खडूने हात पांढरे. मी विचारलं तशी त्यांनी स्वतःचा टॅब माझ्यापुढे धरला. खारूचा फोटो. त्याखाली 'पालक क्रमांक एक', म्हणजे मी. त्याखाली 'पालक क्रमांक दोन'. तुमचा भाऊ, निळ्या सदऱ्यातला, जुन्या शाळेत दिलेला फोटो. शेजारी हिरवी खूण.

"हे कुणी भरलं?"

"भरलं कुणीच नाही," बाई म्हणाल्या. "आपोआप आलंय."

कार्यालयातल्या कारकुनाला बोलावलं. तो म्हणाला, "प्रवेशाच्या वेळी मी हिचं नाव आणि जन्मतारीख टाकली. पोपट म्हणाला, हे मूल आमच्याकडे आहे, जुनी माहिती आणू का? मी हो म्हटलं. पुन्हा सगळं कोण टाइप करत बसणार?" जुन्या शाळेतही हेच ॲप होतं, ताई. एकच कंपनी. आम्ही रात्रीची बस पकडून जीव मुठीत धरून पळालो आणि पोपट आमच्याआधी इथे येऊन बसला होता. त्या दिवसापासून तुमच्या भावाला रोज कळत होतं: पोहोचली. आज आली नाही, ताप (खारूनेच दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलेला). अपूर्णांकांत नापास. रडका चेहरा.

मग मुख्याध्यापकांकडे. प्रवेश घेतानाच मी त्यांना कोर्टाचा कागद दिला होता, तोंडीही सांगितलं होतं.

"बाई, तुमचा कागद माझ्या कपाटात कुलूपबंद आहे," ते छातीठोकपणे म्हणाले. "मी कुणालाही दाखवलेला नाही."

खोटं बोलत नव्हते हो. कागद कुलपात आणि पोर चव्हाट्यावर.

"ते नाव काढून टाका," मी म्हटलं.

"काढू की. त्यात काय?" त्यांनी बोट लावलं. स्क्रीनवर अक्षरं आली: पालक क्रमांक दोन यांना विनंती पाठवली आहे. त्यांनी मान्य केल्यावर नाव काढण्यात येईल.

मला हसू फुटलं. सोबत आलेल्या वर्गाच्या बाई घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. दाराला कुलूप लावायचं, पण आधी चोराला विचारून! मुख्याध्यापक जरा वरमले, म्हणाले कंपनीला कळवतो, थोडा धीर धरा, आणि बाई, अटी तर तुम्हीही मान्य केल्या होत्या. ते खरं. प्रवेशाच्या दिवशी त्यांनी मोबाइल पुढे केला, मागे रांग होती, मी 'मान्य आहे' दाबलं. वाचलं असतं तरी काय कळलं असतं कोण जाणे.

घरी येऊन मी भांडी घासली, खरकटी नसलेलीही घासली.

ताई, मी तुमच्यावर आळ घेतला. ज्या बाईने स्वतःच्या रक्ताच्या माणसाच्या हातून मला सोडवलं, तिच्यावर. सगळ्यात आधी माझ्या डोळ्यांपुढे कोण आलं, तर तुम्ही. हे का झालं याचा विचार करत होते. माणूस चुगली करतं हे आपल्याला ठाऊक असतं. अभ्यासाचं ॲप करतं हे मनातही येत नाही. पण हे काही कारण नाही. मी चुकले. तुम्ही माफ केलंत की नाही ते सांगायची घाई करू नका.

एवढंच करा, त्याच्यावर लक्ष ठेवा. ती विनंती त्याला पोहोचली असेल. आपल्याला कळलंय हे आता त्यालाही कळलंय.


६ ऑक्टोबर

ताई,

तीन दिवस झाले आम्हाला परत येऊन. खारू समोर बसून टोस्ट खाते आहे. मधूनमधून दाराकडे बघते. तुम्हाला माहीत आहे तेच पुन्हा लिहिणार आहे, पण माझ्या बाजूचं तुम्हाला ठाऊक नाही. तिथे आपण बोललोच कुठे?

त्या दिवशी शाळेतली पाण्याची मोठी नळी फुटली. वर्गांत पाणी शिरलं, म्हणून शाळा लवकर सोडली. निरोप सगळ्या पालकांना गेला. मला नाही आला, कारण मी घाबरून फोन बंद केलेला. पालक क्रमांक दोनला आला. तो आदल्या दिवसापासून याच गावात होता म्हणे, स्टेशनजवळच्या लॉजवर. विनंती त्याने उशिरा उघडली, वाचली तसा निघाला.

मी नेहमीच्या वेळेला बसच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. बस आलीच नाही. शेजारच्या मुलाची आई फळं घेऊन चालली होती, मला बघून म्हणाली, "अहो, शाळा तर केव्हाच सुटली!" मग मी धावले. चप्पल कुठे निघाली, आठवत नाही.

फाटकावरचा म्हातारा रखवालदार एकटाच पाणी काढत होता. मला बघताच त्याच्या हातातली बादली खाली आली.

"बाई, वडील घेऊन गेले ना तिला? मी असंच सोडलं नाही हो. टॅबवर बघितलं. फोटो तोच. खूण हिरवी. दोनदा बघितलं."

"ती गेली?" मी विचारलं. "ओढत नेलं का?"

"नाही बाई. हात धरून गेली."

हे त्याने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. नंतर खारूने सांगितलं, बाबांनी विचारलं, "आत्याकडे जायचं का?" आणि ती हो म्हणाली. मीच तिला आत्यापासून तोडलं होतं. त्याला दुसरं काही बोलावंच लागलं नाही.

पोलीस चौकीत टेबलामागच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि पेनाचं टोपण लावलं. "शाळेने वडिलांच्याच हातात दिलीय ना? नोंदसुद्धा आहे. मग पळवली कशी म्हणायची?" मी म्हटलं, कोर्टाचा कागद आहे. "कुठे आहे?" एक प्रत घरी, एक मुख्याध्यापकांच्या कपाटात. मुख्याध्यापकांचा फोन लागत नव्हता. मी घरून कागद आणायला उठले आणि तेवढ्यात आमचे मालक आत आले, रखवालदाराला विचारून, स्कूटर तशीच रस्त्यात टाकून. कामाचा पांढरा झगा अंगावर, बाह्यांना प्लास्टर. "तुझ्या नणंदेचा फोन आला होता. पोरगी तिच्याकडे आहे. शटर ओढून बसलीय ती."

कार्यशाळेचा नंबर तुमच्याकडे होता, तो मला काढून घेता आला नव्हता. माझं नशीब.

बाकीचं खारूने बसमध्ये सांगितलं. बाबा दुकानात शिरताच ओरडले, "ताई, बघ कुणाला आणलंय!" खूप खूश होते म्हणे. तुम्ही तिला जवळ घेतलंत, तोंड धुतलंत, आणि त्याला म्हणालात, "अरे, उभा काय राहिलास? पोर उपाशी असेल. जा, दूध घेऊन ये." तो गेला. लहानपणापासून तुम्ही पाठवाल तिथे जातच आलाय तो. आणि तुम्ही शटर ओढलंत, आतून कुलूप घातलंत, आधी पोलिसांना आणि मग मालकांना फोन केलात.

तो परत आला. आधी हाका मारल्या, मग शटरवर हात आपटायला लागला. तुम्ही खारूला मांडीवर घेऊन मशीनवर बसलात आणि मशीन चालवायला लागलात. "आई, त्यात कापड नव्हतंच," ती मला सांगत होती. "आत्या नुसतंच चालवत होती. म्हणाली, तू पण पाय लाव, जोरात मार. आम्ही इतकं जोरात मारलं की बाहेरचं काही ऐकूच आलं नाही." तिला तो खेळ वाटला की नाही, मला सांगता येत नाही. तिने खेळासारखं सांगितलं. मस्त म्हणते, त्याच आवाजात.

मी पोहोचले तेव्हा पोलीस आलेले होते, कोर्टाचा कागद घेऊन मी येईपर्यंत त्याला बसवून ठेवलेलं. तो समोरच्या पायरीवर बसला होता, शेजारी दुधाची बाटली. रडून रडून तोंड सुजलेलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "मी तिला मारणार होतो का?" खरं सांगते ताई, त्या क्षणी मला त्याची दया आली आणि त्याच क्षणी माझा मोडलेला हात आपोआप छातीशी गेला. तुम्ही शटर गुडघ्याएवढंच वर केलंत. मी रांगत आत आले.

आणि आपण बोललोच नाही. खारू माझ्या गळ्यात. तुम्ही माझ्या बाहीचं लोंबणारं बटण बघितलंत, सुईत दोरा ओवलात आणि अंगावरच टाचायला घेतलंत. "हलू नकोस, टोचेल," एवढंच म्हणालात. बाहेर त्याला गाडीत बसवत होते आणि तुम्ही दाराकडे पाठ केली होतीत. दोरा दातांनी तोडलात तेव्हा गाडी निघाल्याचा आवाज आला.

तुम्ही काय करून बसलात ते मला कळतं, ताई. त्यावर मी काही लिहिणार नाही. लिहायला गेले तर शब्द हलके होतील.


१० नोव्हेंबर

ताई,

नमस्कार.

तुम्ही मशीन घेऊन बाहेर पडलात हे वाचलं. पिठाच्या गिरणीशेजारची खोली, एक खिडकी, आणि सगळ्या कपड्यांवर पीठ. "गिऱ्हाइकं म्हणतात, ताई तुम्ही एकदम म्हाताऱ्या दिसायला लागलात, मी झटकून दाखवते" हे वाचून खारू किती हसली! मी पण हसले. मग रडले. त्याला सोडल्यावर तो घरी आला, तुमच्याशी बोलला नाही, ताट सरकवून वर गेला. हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि पुढे लगेच पिठाच्या गमती. मला ती एक ओळ पुरली.

कोर्टात तुम्ही साक्ष दिलीत तेव्हा मी मागच्या बाकावर होते. त्याच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही सख्ख्या भावाविरुद्ध बोलताय?" तुम्ही म्हणालात, "विरुद्ध नाही. झालं ते बोलतेय." न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हुकूम आता आणखी कडक झालाय. तो पाळेल की नाही, तुम्ही सांगू शकत नाही, मीही नाही. वळणावर कुणी निळा सदरा घालून उभा असला की मी अजून दुसऱ्या बाजूने जाते.

पोपटाचं सांगते. कोर्टाचा हुकूम गेला तेव्हा कुठे पालक क्रमांक दोनचं नाव निघालं. मग कंपनीतून एका मुलीचा फोन आला, आवाज इतका गोड की तिच्यावर चिडताही येईना. म्हणाली, "मॅडम, आता काही काळजी नाही, दिसणं बंद केलंय." मी विचारलं, "दिसणं बंद झालं, पण आहे का अजून? रोजचे चेहरे, ताप, फोटो?" ती म्हणाली, "नियमानुसार काही काळ ठेवावं लागतं." कुणाचा नियम, असं विचारलं तर तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

शाळेत पालकांची सभा झाली. वर्गाच्या बाईंनी मुख्याध्यापकांना न विचारता तो चेहऱ्यांचा प्रकार आपल्या वर्गात बंद केलाय. हजेरी वहीत घेतात. त्यावरून गदारोळ. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठून म्हणाले, "एका घरच्या भांडणासाठी आमच्या पोरांचं नुकसान का? मला घरबसल्या सगळं कळतं, मला ते हवंय. आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" दोघंतिघं हसले. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात. मला तर धंद्यामुळे सगळ्यांचे दिसतात, त्या गृहस्थांची खालची दाढ नकली होती.

मी सभेत कधी बोललेली नाही. उठले तेव्हा खुर्ची मागे पडली. म्हटलं, "लपवण्यासारखं माझ्याकडेही काही नव्हतं. लपायला जागा हवी होती. ती तुमच्या पोरांनाही कधीतरी लागेल." आणि खाली बसले, म्हणजे बसायला गेले, खुर्ची नव्हती. रखवालदाराने पाठीमागून धरलं म्हणून वाचले. सभेत ठरलं काहीच नाही. मुख्याध्यापक म्हणाले, विचार करू. बाहेर पडताना दोन आया माझ्याजवळ आल्या आणि हळूच विचारलं, आमच्या मुलांचं काय काय त्यात असतं हे बघायचं कसं? बाईंनी त्यांना दाखवलं. एकीचा चेहरा बघवत नव्हता.

खारूला मी दुसऱ्या शाळेत घालतेय. घरही बदलतोय. नवा पत्ता या पत्रात नाही, तुम्ही उतराल तिथे मी घ्यायला येईन. बस थेट आहे, खिडकीची जागा घ्या, पायाशी सामान ठेवू नका, सुजतात. मालक म्हणतायत, नणंदेला कार्यशाळा दाखवायला आण. तुमच्यासाठी त्यांनी साखरेच्या डब्याएवढी कवळी करून ठेवलीय, दाराला अडसर म्हणून. त्यांचे विनोद असेच असतात, हसून घ्या.

आता जे लिहायचं म्हणून बसले होते ते.

परवा मी खारूला विचारलंच. वेणी घालताना, पाठ माझ्याकडे असताना. "तू पोपटाला रोज रडका चेहरा का द्यायचीस गं?"

तिने हातातली रिबीन बोटाला गुंडाळली. मी पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "ते मला नाही सांगायचं."

"अगं, मी आई आहे तुझी."

"माहीत आहे. पण ते सगळ्यांनाच कळलं ना? बाबांना कळलं, बाईंना कळलं, कोर्टात सुद्धा मोठ्याने वाचलं. कुणी मला विचारलं नाही." तिचा आवाज चढला नाही. "का ते फक्त माझं आहे."

मी वेणी सोडून परत घातली. माझ्या मनात काय काय येऊन गेलं, तुम्ही समजू शकाल. तिला आमची भांडणं आठवतात का? बाप हवाय का तिला? माझ्यावर राग आहे? आई म्हणून मला हे कळायलाच हवं, असं वाटत होतं. मग वाटलं, दप्तर उपडं करून तो पेन्सिलींचा डबा काढला तेव्हाही मला असंच वाटत होतं. तोही हेच म्हणत असेल, मी बाप आहे, मला कळायलाच हवं.

"बरं," मी म्हटलं. "नको सांगूस."

ती वळून माझ्याकडे बघत राहिली, मी थट्टा करतेय का ते. मग म्हणाली, "आत्याला सांगेन. ती आली की. दार लावून."

तेव्हा ताई, तुम्ही आलात की मी बाजारात जाईन. निवडून निवडून भाजी घेईन, चहा पिईन, उगाच दुकानं बघेन. तुम्ही दोघी दार लावून बसा. तिने सांगितल्यावर माझ्याकडून काही करायला हवंय असं तुम्हाला वाटलं, तर तेवढंच सांगा. बाकी सांगू नका. मी विचारीन, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. भांडीबिंडी आपटीन, रुसेन, गोड बोलेन.

विचारलं तरी सांगू नका.

तुमची